भालेरावकाकांची खाण

भालेरावकाका सकाळी भेटले की "जयभीम मास्तर" म्हणायचे आणि लगेच बातमी द्यायचे, "खाण आणखी सरकली बरं का. पूर्वेला."

खाण आमच्या गावची नव्हे. भिवपुरीत कोळसा दिसायचा तो फक्त इस्त्रीवाल्याकडे. काकांची खाण पार चंद्रपूरकडची, उघडी, वरून जमीन खणत नेलेली. ती ते मोबाईलवर बघायचे, उपग्रहानं काढलेल्या फोटोंत. दर काही दिवसांनी नवा फोटो यायचा. मग काका ओट्यावर बसून जुना नि नवा ताडून पाहायचे. बोटांनी फोटो मोठा करायचे, तेवढ्यानं भागेना म्हणून वर भिंग धरायचे. भिंगातून नुसत्या चौकटी दिसायच्या.

"ह्या चौकटीत मागल्या बारीला हिरवं होतं. आता काळं हाय. बघा, बघा."

मला सगळंच करडं दिसायचं. मी मान हलवायचो.

तेव्हा मी तिथल्या शाळेत शिकवत होतो आणि त्यांच्या शेजारच्या दोन खोल्यांत राहत होतो. आता बदलापूरला आलोय. इथं शेजारी कोण राहतं ते दारावरच्या पाटीवरून कळतं. तो ओटा, काकूंचा कोरा चहा आणि सकाळी सकाळी ऐकायला मिळणारी ती लांबची बातमी, हे सगळं फार आठवतं.

काकांची सगळी नोकरी पॉवरहाऊसवर गेली. डोंगरावरून पाइपांतून पाणी येतं, चाक फिरतं, वीज होते आणि तेच पाणी पुढं नदीला लागून भर उन्हाळ्यात भाजी पिकवतं, हे त्यांनी मला किती वेळा सांगितलं असेल! "आमची वीज पाण्याची," हे वाक्य ते छाती काढून म्हणायचे. कोळशाची वीज म्हणजे त्यांच्या लेखी हलका माल. संध्याकाळी दिवे गेले की अंधारातून त्यांचा आवाज यायचा, "ही कोळशाची असणार. आमची अशी जात नाय."

"पण काका, तारेत सगळी एकत्रच असते ना?"

"असंल. पण उजेडात फरक पडतो. तुमाला नाय कळायचा."

पावसाळ्यात त्यांचे हाल व्हायचे. ज्या ढगांवर जन्मभर पोट भरलं त्यांनाच ते शिव्या घालायचे. आमच्या अंगणात पाणी शिरत असायचं, लोक घमेली घेऊन धावत असायचे आणि काका पायरीवर उभे राहून हळहळायचे, "चंद्रपुरावर ढग हाय हो. ह्याबी बारीचा फोटो वाया गेला."

गावानं त्यांचं नाव 'खाणवाले' पाडलं होतं. मलाही वाटायचं, पाण्याचा माणूस कोळशाच्या खोड्या काढत बसलाय.

एक दिवस काकू तांदळाच्या भाकऱ्या थापता थापता मला म्हणाल्या, "मास्तर, खाण नाय बघत ते. खाणीच्या कडेला घरांची रांग हाय. आमची सुजाता लगीन करून तिथं गेली."

सुजाता म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. खाणीत मशीन चालवणाऱ्या मुलाशी तिनं लग्न ठरवलं, तेव्हा काका म्हणाले, "कोळशाच्या घरात पोरगी देणार नाय." लोक हसले, त्यांना वाटलं काका गंमत करतायत. पण काका लग्नाला गेले नाहीत. वर, तिचं नाव ह्या घरात काढायचं नाही, असंही सांगून बसले.

"कोळशाचं काय नाय हो," काकू तव्यावर भाकरी टाकत म्हणाल्या. "पोरगी लांब चालली, तेवढंच. पण ते त्यांना सांगता येईना."

मग हिवाळ्यातल्या एका दुपारी काका अनवाणीच माझ्या दारात आले.

"मास्तर, रांग नाय."

मी फोन हातात घेतला. ह्या वेळी मलाही दिसलं. काळ्या खड्ड्याच्या कडेला छपरांची बारीक पांढरी रेघ असायची. तिच्या जागी खणून टाकलेल्या मातीचा ढीग होता.

"फोन लावा," काका म्हणाले.

"कोणाला?"

त्यांचे ओठ हलले, पण नाव बाहेर पडेना. तेवढ्यात मागून काकू आल्या. त्यांनी पदराला हात पुसले, स्वतःच्या फोनवरून नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन काकांच्या हातात दिला.

"हां आई, बोल."

"मी हाय."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग अगदी हळू, "बाबा?"

"अगं, तुझं घर कुठं हाय? तिथं सगळी माती हाय. तू बरी हायस ना?"

"बरी आहे बाबा. ती घरं आम्ही कधीच सोडली. मोठी शाळेत जायला लागली तेव्हाच. आता गावात राहतो."

म्हणजे काका इतके दिवस रिकाम्या छपरांची राखण करत होते. त्यांनी काकूंकडे पाहिलं.

"तुला ठाऊक होतं?"

"तुमीच म्हणालात, तिचं नाव काढायचं नाय. मी नाय काढलं."

काका भांडायला तोंड उघडत होते, पण मध्येच थांबले. त्यांनी फोन तोंडाजवळ नेला.

"मोठी म्हणालीस. म्हंजे धाकटी बी हाय?"

"हाय ना, बाबा," सुजाता म्हणाली. तिचं शहरी बोलणं तिथं सुटलं, ते परत आलं नाही.

काकांनी माझ्या हातातून स्वतःचा फोन घेतला. ती खुणा सांगत गेली आणि ते बोटानं नकाशा सरकवत गेले. बाजार, पाण्याची टाकी, टाकीमागची इमारत.

"सापडलं," ते म्हणाले. "आता पोरींना घे नि गच्चीवर जाऊन उभी राहा."

"बाबा, तुमाला काय दिसणार हाय का तिथून?"

"नाय दिसत. मला म्हायती हाय. तू जा तर खरी."

फोनमधून जिन्यावरची पावलं ऐकू आली. एक दार कुरकुरलं, वारा घुमला आणि एका बारीक आवाजानं विचारलं, "आई, कुठं बघायचं?"

"वर बघ गं," काका म्हणाले. "वर."