नाशिक जिल्ह्यातील गोठलेली जमीन : लाभ आणि लाभार्थी

नसलेल्या गोष्टीचा अहवाल लिहायला सोपा असतो, असा एक जुना गैरसमज आहे. नाशिकच्या एका माती परीक्षण प्रयोगशाळेतल्या योगिनी देवरेचाही तो होता. "नित्यगोठित भूमी वितळल्याने जिल्ह्यातील मातीवर झालेले परिणाम कळवावेत," असं परिपत्रक आलं, तेव्हा तिने सरळ 'निरंक' लिहून पाठवलं. सायबेरियाकडची जमीन हजारो वर्षं गोठलेली असते. नाशकात जानेवारीत गोठतात ती फक्त माणसं.

कागद आठवड्यात परत आला. 'निरंक' हे उत्तर ग्राह्य नव्हतं. (किनाऱ्यावरच्या एका जिल्ह्याने तर नकाशासह आकडेवारी दिली होती.)

मार्ग काढला तो प्रयोगशाळेचे प्रमुख अहिरराव साहेबांनी. पिंपळगाव बसवंतजवळ गोठवलेल्या मटारचं एक शीतगृह होतं. अकरा वर्षं उणे वीस अंशांवर चाललेलं, गेल्या दिवाळीत बंद पडलेलं. फरशीखालची मातीही गोठली असणारच.

"व्याख्येत सलग दोनच वर्षं लागतात, मॅडम," साहेब म्हणाले. "आपली अकरा आहेत. नऊ शिल्लक पडतात."

योगिनी जाऊन आली. शीतगृहाच्या भिंतीला टेकून नवसाबाईची खोली होती. सुरगाण्याकडून आलेली ही बाई तिथं झाडलोट करायची; मालक गेला, कामगार गेले, ती राहिली.

"ताई, जमीन खाली बसू राहिली," नवसाबाई म्हणाली. "भिंतीत हात जातो बघा. वास बी लय येतो. पण गवत काय माजलंय!"

भिंतीकडेला खरंच कमरेइतकं गवत होतं.

योगिनीने माती तपासली आणि (अनुभव कमी असल्यामुळे) सगळं खरं लिहिलं. गोठलेल्या मातीतले सगळेच जिवाणू मेलेले नसतात, पुष्कळसे नुसते थांबलेले असतात. बर्फ वितळला की ते जागे होतात आणि साठून राहिलेल्या मुळ्या-पाचोळ्यावर तुटून पडतात. त्यातून नत्र मोकळं होतं, म्हणून गवत. त्यातूनच कार्बनचे वायू हवेत जातात, हवा तापते, आणखी जमीन वितळते. झाडांना न लागलेलं नत्र पाण्याबरोबर विहिरीत उतरतं. बर्फाने तोलून धरलेली जमीन खचते. शेवटचं वाक्य होतं : नवसाबाईंना तातडीने हलवावे.

सात जणांच्या समितीने अहवाल एकमताने स्वीकारला. म्हणजे त्यातले 'नत्र मोकळं होतं' हे तीन शब्द स्वीकारले. वायू हा मातीचा विषय नसल्याने वगळण्यात आला. विहीर दुसऱ्या खात्याची निघाली. 'खचते'च्या जागी 'स्थिरावते' घातलं.

"जिवाणू किती आहेत?" अहिररावांनी विचारलं.

"ग्रॅमभर मातीत कोट्यवधी, सर."

"मग लाभार्थी म्हणून नोंदवा. एवढे लाभार्थी आजवर कुठल्या योजनेला मिळाले नाहीत." (त्यांची स्त्री-पुरुष वर्गवारी पुढील टप्प्यात करण्याचं ठरलं.)

"आणि सर, नवसाबाई?"

"त्या जिवाणू आहेत का?"

योगिनीची कानशिलं तापली. तिने सही केली नाही. (तिथे 'रजेवर' असा शिक्का बसला, आणि अहवाल उलट नीटनेटका दिसू लागला.) दुसऱ्या सकाळी ती टेम्पो घेऊन गेली.

"खोली सोडली तं परत कोन देईल?" नवसाबाई उंबऱ्यातून हलेना.

"मी देते. माझ्या घरी मागची खोली रिकामी आहे. चला."

एक पेटी, दोन कोंबड्या आणि पुष्कळ कुरकूर टेम्पोत चढली. चौथ्या दिवशी भिंत बरोबर नवसाबाईच्या मागे राहिलेल्या खाटेवर पडली. प्रसिद्धीपत्रक निघालं : 'भूमी स्थिरावण्याची प्रक्रिया यशस्वीरीत्या पूर्ण.'

मग ती माती 'हिमखत' या नावाने शहरातल्या एका प्रदर्शनात मोफत वाटली. सव्वा तासात संपली. योगिनी टेबलाशी उभी राहून प्रत्येकाला सांगत होती, की ही जिथून आणली तिथं एका बाईचं घर पडलं, आणि उत्तरेकडे असा अख्खा मुलूख वितळतो आहे. लोक अतिशय सभ्यपणे ऐकून घेत आणि विचारत, "कुंडीतल्या गुलाबाला चालेल ना?"

रांगेत सतराव्या क्रमांकावर तुम्ही होतात. प्लास्टिक नको म्हणून तुम्ही कापडी पिशवी घरून आणली होती, याची अहवालात गौरवपूर्वक नोंद आहे.