देवतळे काकांचा खडू

आमच्या शेजारच्या देवतळे काकांनी नवी छत्री आणली की ते तिला दारावरच्या खिळ्यात अडकवतात आणि स्वतः तिला लोंबकळतात. छत्री टिकली तर खिशातून खडू काढून दांड्यावर बरोबरची खूण करतात आणि "पास!" म्हणतात. मोडली तर दुकानदाराला परत. "दादा, हमने छाता बेचा है, झूला नहीं," असं घमापूर बाजारातल्या छत्रीवाल्याने त्यांना हात जोडून सांगितलेलं मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

दोष काकांचा नाही. सगळी नोकरी त्यांनी फॅक्टरीत माल तपासण्यात घालवली. आलेल्या मालातले थोडे नग उचलायचे, मुद्दाम मोडून पाहायचे आणि उरलेल्यांवर खडू मारायचा, हे त्यांचं काम. रिटायर झाल्यावर फॅक्टरी सुटली, खडू सुटला नाही. "मोडून पाहिल्याबिगर भरोसा काहून ठेवायचा?" हे त्यांचं पालुपद. माझ्या लग्नात त्यांनी दिलेल्या स्टीलच्या डब्याला चांगलाच पोचा आहे, आणि पोच्याशेजारी खडूची खूण.

घरात सगळ्यांत जास्त तपासणी व्हायची ती शकूकाकूंच्या स्वयंपाकाची. "भाजी कशी झाली?" काकू विचारायच्या. "तपासून राहिलो," काका म्हणायचे. ताट संपायचं, हात धुऊन व्हायचे, तपासणीचा निकाल काही लागायचा नाही. "या माणसानं मले आजवर पास नाही केलं गं," असं काकू मला सांगायच्या आणि पदर तोंडाला लावून हसायच्या. त्या हसायच्या म्हणून आम्हीही हसायचो.

मागच्या उन्हाळ्यात काकू गेल्या. साधा ताप म्हणता म्हणता गेल्या. तेराव्याला सगळे जेवायला बसलेले असताना काका मंडपवाल्याच्या खुर्च्या एकेक करून हलवून पाहत होते. कुणी त्यांना थांबवलं नाही.

नंतर एका सकाळी त्यांनी कुंपणावरून हाक मारली, "बेटा, ये जरा. कॉम्प्युटर हँग होऊन राहिला."

मी रेल्वेच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते. एवढ्या भांडवलावर आमच्या गल्लीत मी इंजिनिअर आहे. गेले. टेबलावर तीन हार्ड डिस्क मांडलेल्या. दोन नीट उघडत होत्या. तिसरी उघडायला गेलं की फाइलींची खिडकी पांढरीफटक पडायची, गोल चक्र फिरत राहायचं, माउसही हलायचा नाही, आणि शेवटी कॉम्प्युटरच बंद करावा लागायचा.

मी वायर बदलली, जोडायची जागा बदलली. फाइलींवर छोटी छोटी चित्रं दिसतात, ती काढण्यातच कधी कधी खिडकी अडकते, म्हणून ती बंद केली. फरक शून्य. मग डिस्कला कान लावला. आत कट्‌ कट्‌ आवाज येत होता.

"काका, कॉम्प्युटर ठणठणीत आहे. ही डिस्कच मरायला टेकलीय. आहे काय हिच्यात?"

"टेस्टिंग," काका म्हणाले.

हळूहळू उलगडा झाला. काकूंना भेडाघाटला संगमरवरी कड्यांमधून चांदण्यात नावेतून फिरवायचं, म्हणून काकांनी कॅमेरा घेतला होता. पण तपासल्याशिवाय तो घराबाहेर कसा काढणार? मग घरातच टेस्टिंग सुरू झालं. काकू भाजी निवडताना टेस्टिंग, काकू वेणी घालताना टेस्टिंग. "बोल ना काही, आवाज तपासून राहिलो." "काय बोलू? भात लागून राहिला, सरका तिकडे!" अशी काही वर्षं गेली. कॅमेरा पास झाला नाही आणि भेडाघाट राहून गेलं. आता काकूंचं चालणंबोलणं जगात कुठे असेल तर ते त्या टेस्टिंगमध्ये, त्या कटकटणाऱ्या डिब्बीत.

"पाहता का तुम्ही ते?"

"पाहत नाही. हिंमत होत नाही. रोज आंघोळ झाली की फक्त उघडून पाहतो, बरोबर आहे का ते. मग बंद करतो."

"ती अडकायला लागल्यावरसुद्धा?"

"तवा तर जास्तच. अडकली की बंद करतो, पुन्हा उघडतो. तपासायले नको?"

माझा संयम सुटला. "काका, खराब डिस्क जितक्यांदा उघडाल तितकी ती आणखी मरते! तुमच्या तपासण्यानंच जीव चाललाय तिचा!"

काकांनी डिस्कवरचा हात काढून घेतला. "म्हणजे मीच मोडून राहिलो तिले?" त्यांनी विचारलं. मला भयंकर वाईट वाटलं, पण खोटं बोलवलं नाही.

रविवारी मी नवी डिस्क घेऊन गेले. खिडकी न उघडता फाइली सरळ उतरवून घेणारा एक प्रोग्रॅम ऑफिसातल्या मित्राकडून आणला होता. काकांना आधीच बजावलं, हे एकदाच होणार, मध्ये हात लावायचा नाही. काका दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. डिस्क कटकटत होती, थांबत होती, पुन्हा चालू होत होती. प्रत्येक थांबण्याला काका हात आणखी घट्ट दाबत होते. दुपारी जुनी डिस्क एकदम गप्प झाली. पुन्हा जोडून पाहिली, पण कॉम्प्युटर तिला ओळखेना.

नव्या डिस्कवर फाइलींची नावं बरीचशी आली होती. पण नाव आलं म्हणजे आतलं चित्र आलंच असं नसतं, ते लावून पाहिल्यावरच कळतं. मी काकांना तसं सांगितलं आणि पहिल्या फाइलवर माउस नेला.

काकांनी माझं मनगट धरलं. "नको."

"अहो, पाहिल्याशिवाय कळणार कसं?" मी म्हटलं. इतकी वर्षं हा प्रश्न त्यांनी जगाला विचारला होता.

"नको, बेटा. राहू दे."

त्यांनी खिशातून खडू काढला. नवी डिस्क हातात घेतली, सदऱ्याला पुसली. तिच्यावर बरोबरची खूण केली, ती वाकडीच आली. मला रडू आवरेना, मी खिडकीबाहेर पाहू लागले. काकांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत होते.

"ऐकलं का, शकू?" ते म्हणाले. "पास."