धांदरेरावांचा राजीनामा

नवं कपाट स्वतः मोजून करून घ्यायचं असं काटेसाहेबांनी ठरवलं आणि तिथेच सगळं बिनसलं.

काटेसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते होते वजनमापे निरीक्षक. बाजारात जाऊन तराजू तपासायचे, किलोच्या वजनात दोन ग्रॅम कमी निघाले की दुकानदाराला घाम फोडायचे. म्हणून अख्खा बाजार त्यांना काटेसाहेब म्हणायचा. असा माणूस घरच्या कपाटाचं माप सुताराला घेऊ देईल? छे! साहेबांनी ऑफिसची पोलादी पट्टी घरी आणली, भिंत तीनदा मोजली, आणि कपाट असं करून घेतलं की भिंत आणि पलंग यांच्या मधे ते कागदही सरकणार नाही इतकं नेमकं बसलं. वेळ वाचावा म्हणून आपले सगळे कपडे त्यांनी आधीच त्यात भरले होते. हमाल गेल्यावर बायकोने दार ओढलं. दार उघडेना. पुढे पलंग होता, आणि पलंगाच्या पलीकडे दुसरी भिंत. (दार उघडायला पुढे जागा लागते, हे कुठल्याही पट्टीवर लिहिलेलं नसतं.)

सुतार सापडेपर्यंत चार दिवस गेले. ते चारही दिवस साहेब ट्रंकेत राहिलेल्या स्वतःच्या लग्नातल्या कोटात ऑफिसला गेले. कुणी विचारलं की "संध्याकाळी एका लग्नाला जायचंय" असं सांगत. चौथ्या दिवशी शिपायाने विचारलं, "साहेब, तुमच्याकडे लग्नं फार हो?" घरी येऊन साहेबांनी हे बायकोला सांगितलं आणि बजावलं, "ही गोष्ट या चार भिंतींबाहेर जाता कामा नये."

आता त्यांच्या रविवारबद्दल सांगायला हवं. त्यांच्या घरी येणाऱ्या वर्तमानपत्रात दर रविवारी 'धांदरेराव' नावाची चार चौकटींची चित्रमालिका यायची. धांदरेराव म्हणजे टक्कल, जाड चष्मा, आणि हात लावील त्याची माती करणारा गृहस्थ. साहेबांचा त्याच्यावर भारी जीव. चहाचा कप हातात घ्यायचा, बायको ओट्यापाशी उभी, आणि साहेबांनी चारही चौकटी मोठ्याने, आवाज काढून वाचून दाखवायच्या, असा नऊ वर्षांचा रिवाज होता. वाचून झालं की म्हणायचे, "काय येडपट माणूस आहे! अगं, असा माणूस जगात असू शकतो का?" बायको पदर तोंडाला लावून हसायची. इतकी हसायची की साहेबांना वाटे, आपल्या वाचनात काहीतरी आहे बरं का!

कपाटानंतरच्या दुसऱ्या रविवारी साहेबांनी वर्तमानपत्र उघडलं. पहिली चौकट: धांदरेराव पट्टीने भिंत मोजताहेत. साहेब हसले. दुसरी चौकट: कपाट चपखल बसलंय. साहेब खदखदले. तिसरी चौकट: धांदरेराव लग्नाच्या कोटात ऑफिसला निघालेत.

"मूर्ख! अरे, आधी पलंग नाही का बघाय..." इथवर आले आणि थांबले.

चौथ्या चौकटीत शिपाई विचारत होता, "साहेब, तुमच्याकडे लग्नं फार हो?"

साहेबांनी चहा खाली ठेवला. (टेबलावर नव्हे, मांडीवर. पण त्याकडे लक्ष द्यायची ती वेळ नव्हती.) उठून माळ्यावरून फाइल काढली. नऊ वर्षांचे धांदरेराव त्यांनी कापून, तारखेप्रमाणे लावून ठेवले होते. तराजू तपासावा तसे ते एकेक तपासत बसले. परक्याच्या बारशाला जाऊन बाळाचं कौतुक करून आलेले धांदरेराव. नातेवाइकांचा फोटो काढताना मागे सरकत सरकत हौदात पडलेले धांदरेराव. सासऱ्यांची कवळी आपल्या चष्म्याच्या डबीत घालून तीनशे मैल घेऊन आलेले धांदरेराव. दुपारपर्यंत हिशेब लागला.

"चारशे साठपैकी दोनशे तीन माझे आहेत," साहेब खोल आवाजात म्हणाले.

"बाकीचेही तुमचेच," बायको म्हणाली. "तुमच्या लक्षात आलं नसेल."

"म्हणजे तू...?"

"दर बुधवारी एक पोस्टकार्ड टाकते."

"चित्रकाराला? परक्या माणसाला? अगं, पण का?"

बायकोने गॅस बंद केला. "मग कुणाला सांगायचं? माहेरी सांगितलं तर ते म्हणतील, परत ये. शेजारणीला सांगितलं तर ती मला हसेल. राग यायचा हो मला, डोकं फुटायची वेळ यायची. कार्ड लिहिलं की तो निम्मा व्हायचा. आणि रविवारी तुम्हीच वाचायचात, तुम्हीच स्वतःला येडपट म्हणायचात, मग उरलेला निम्माही जायचा."

साहेबांना वाईट वाटायला हवं होतं. पण साहेबांना वाटला अपमान. "आजपासून हे बंद," ते म्हणाले.

"बरं," बायको म्हणाली.

आणि बायको शब्दाला जागली, हीच तर पंचाईत झाली. पूर्वी तिचा राग बुधवारच्या टपालाने घराबाहेर जायचा. आता तो घरातच मुक्कामाला राहिला. भांडी आपटली जाऊ लागली. साहेबांनी विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला "तुम्हाला योग्य वाटेल तसं" हे एकच उत्तर मिळू लागलं, आणि ते शिवीपेक्षा वाईट लागतं, हे विवाहित माणसाला सांगायला नको. तिकडे धांदरेरावही सुकले. एका रविवारी ते नुसते डास मारत होते. पुढच्या रविवारी चारही चौकटींत झोपले होते. साहेबांनी नेटाने आवाज काढून घोरणं वाचून दाखवलं. बायको हसली नाही. तिसऱ्या रविवारी खाली बारीक अक्षरात छापलं होतं: 'या महिनाअखेर धांदरेराव वाचकांचा निरोप घेत आहेत.'

ती ओळ बायकोने वाचली, घडी घातली आणि वर्तमानपत्र रद्दीत टाकलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते मात्र साहेबांनी पाहिलं. नऊ वर्षं ही बाई आपल्यामुळे रडायच्या ऐवजी हसत होती, आणि आपण ते हसूही बंद केलं, हे त्यांना त्या क्षणी लख्ख कळलं. (काही गोष्टी कळायला त्यांना नऊ वर्षं लागायची. कपाटाचं त्या मानाने लवकर कळलं.)

पण "लिही बाई" असं म्हणायला जीभ रेटेना. त्यांनी वेगळा मार्ग काढला. असा काही गोंधळ घालायचा की बायकोला पोस्टकार्डावाचून राहवूच नये!

सोमवारी त्यांनी मोरीतला गळका नळ स्वतः दुरुस्त करायला घेतला. घरात पूर येणार म्हणून गालिचा आधीच गुंडाळून ठेवला. नळ अकरा मिनिटांत दुरुस्त झाला. तो पुन्हा कधी गळला नाही.

गुरुवारी बायकोचे मामा येणार होते, बसने, उत्तरेच्या स्टँडवर. साहेब मुद्दाम दक्षिणेच्या स्टँडवर जाऊन उभे राहिले. दहा मिनिटांत मामा समोर हजर! ते चुकीच्या बसमध्ये बसले होते. "मी चुकणार हे तुम्ही ओळखलंत!" म्हणून म्हाताऱ्याने गळामिठी मारली आणि घरी येऊन भाचीला तीनदा सांगितलं, "जावई असावा तर असा."

शनिवारी बायकोने साहेबांच्या कपाळाला हात लावून पाहिला. "तुम्हाला बरं नाहीये का?"

महिना संपायला नऊ दिवस उरले. शेवटी साहेबांनी मनाचा हिय्या केला. कॅलेंडरच्या मागे बायकोने चित्रकाराचा पत्ता लिहून ठेवला होता: 'पिठाच्या गिरणीवर, पहिला मजला.' सोमवारी ऑफिसमधून परस्पर ते तिथे गेले. जिना चढून वर दोन दारं होती. डावीकडे 'चित्रकार' अशी झोकदार पाटी होती, उजवीकडे काहीच नव्हतं. साहेबांनी अर्थातच डावं दार वाजवलं.

आत एक गृहस्थ ब्रश धूत बसले होते. भिंतीला 'येथे वाहन लावू नये' असं लिहिलेल्या सहा पाट्या वाळत टेकवल्या होत्या. कलावंत माणूस, असेल काही चिंतन, असं म्हणून साहेबांनी तिकडे काणाडोळा केला.

"नाव?" गृहस्थांनी विचारलं.

साहेबांनी मान खाली घातली. कबुली द्यायलाच तर ते आले होते. "मीच तो धांदरेराव."

"बसा. काय करता?"

"वजनमापे निरीक्षक आहे. तुम्हाला माझ्याबद्दल सगळं ठाऊकच असेल म्हणा."

"नाही बुवा."

(मोठी माणसं नम्र असतात, हे साहेबांनी ऐकलं होतं.)

"हे बघा," साहेबांनी हात जोडले, "तुम्ही बंद करू नका. पाया पडतो. माझ्या बायकोने हसणं सोडलंय हो."

गृहस्थ जरा घाबरले. "बंद कशाला करू? माझं काम चालूच आहे. तुमचंही करतो ना."

"खरंच? कधी?"

"रविवारी सकाळी मिळेल. मोठ्या अक्षरांत करू?"

"मोठ्या? म्हणजे लोकांना दिसेल..."

"अहो, लोकांना दिसावं म्हणूनच तर असतं."

साहेबांना ते पटलं. इतकी वर्षं आपण उगाच लाजलो. "करा," ते म्हणाले. गृहस्थांनी घराचा पत्ता मागितला, तोही त्यांनी दिला, आणि तरंगत घरी आले.

"झालं काम!" दारातूनच त्यांनी जाहीर केलं. "भेटून आलो तुझ्या चित्रकाराला. धांदरेराव बंद होत नाहीत. मी स्वतः सांगितलं, मीच तो!"

बायको पोळपाट सोडून बघतच राहिली. "तुम्ही गेलात? स्वतः? माझ्यासाठी?"

"तुझं हसणं बंद झालं ना गं," साहेब म्हणाले. "घर खायला उठतं. तू लिही बाई. काय वाटेल ते लिही माझ्याबद्दल."

तिने डोळे पुसले. मग पुसता पुसता थांबली. "कसे आहेत हो ते चित्रकार?"

"भला माणूस. मिशा आहेत. पाट्या बिट्या वाळत घातल्या होत्या."

"मिशा?"

"चांगल्या पिळदार."

"अहो," बायको हळूच म्हणाली, "धांदरेराव काढतात त्या बाई आहेत. उजव्या दारात राहतात. डावीकडचे पेंटर, दुकानांच्या पाट्या रंगवतात!"

"म्हणजे मी पाट्या रंगवणाऱ्याच्या पाया पडलो?" साहेब म्हणाले. बायकोने ओटा धरला. मग ती खालीच बसली. महिन्याभराचं साठलेलं हसू होतं ते, संपता संपेना. "पाया पडलात त्यांच्या?" असं विचारायची आणि पुन्हा सुरू व्हायची. तासाभराने तिने पिठाच्या हातानेच पोस्टकार्ड मागितलं. बुधवारची वाट पाहिली नाही. एका कार्डात मावलं नाही म्हणून दोन लिहिली.

रविवारी धांदरेराव आपल्या जागी हजर होते. खाली ओळ होती: 'धांदरेरावांनी राजीनामा मागे घेतला आहे.' साहेबांनी पायावर पाय टाकून चारही चौकटी वाचल्या, स्वतःचा आवाज आणि पेंटरचा आवाज वेगवेगळे काढून. बायको पदर तोंडाला लावून हसत होती. घर पुन्हा घर झालं होतं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात मिशावाले पेंटर उभे होते, हातात तीन फुटी पाटी. निळ्यावर पांढरी, ठसठशीत अक्षरं, खाली सावली दिलेली:

श्री. धांदरेराव
वजनमापे निरीक्षक

शेजारच्या दोन दारांतून माणसं डोकावली. पेंटरने खिशातून खिळे काढले. "साहेब, एकदा बघून घ्या. नाव बरोबर आहे ना?"

साहेब काही बोलणार, इतक्यात आतून बायकोचा आवाज आला, "अगदी बरोबर आहे हो. ठोका!"