बाराव्या पावलाची हाक

भाव कसा करावा, हे मला विचारा! पंचवीस वर्षं मी पंपांच्या कारखान्यात खरेदी विभागात आहे. समोरच्याने किंमत सांगितली की "अजून एक टक्का कमी करा" हे माझ्या तोंडून आपोआप निघतं. ऑफिसात मला टक्केसाहेब म्हणतात. माझ्या माघारी त्यातलं 'साहेब' कमी करतात, म्हणजे माझ्याकडून काहीतरी शिकलेच म्हणायचे.

माझी पद्धत साधी आहे. किंमत ऐकायची, वस्तू हळूच खाली ठेवायची, "राहू द्या" म्हणायचं आणि दाराकडे चालू लागायचं. मागे बघायचं नाही! बघितलंत की संपलात. बाराव्या पावलाच्या आत हाक येतेच. चपला सातव्या पावलाला मिळाल्या, पंखा नवव्याला. कपाटाच्या वेळी अकरावं पाऊल उजाडलं, माझेही पाय जरा जड झाले. पण आली हाक! आधी हाक मारतो तो हरतो, एवढंच ध्यानात ठेवायचं. मी जन्मात कुणाला हाक मारलेली नाही. अठ्ठेचाळीस वर्षांचा होईपर्यंत माझं लग्न झालं नाही ते याच्यामुळेच, असं माझी ताई म्हणते. ताईला व्यवहारातलं काही कळत नाही.

शेवटी त्याच ताईने माझं जमवलं. ताईचे कपडे शिवणारी बाई, वय एक्केचाळीस. दोन खोल्यांत राहायची, त्यातली पुढची खोली शिलाईमशीन आणि कापडाच्या गठ्ठ्यांनी भरलेली. पहिल्याच भेटीत माझ्या शर्टाचं सुटलेलं बटण तिला दिसलं. बोलता बोलता तिने सुई ओवली आणि शर्ट माझ्या अंगावर असतानाच बटण लावून टाकलं. मी श्वास रोखून बसलो होतो. सुईला घाबरून नव्हे. इतक्या जवळ येऊन माझ्यासाठी कुणी काही केल्याला फार वर्षं झाली होती.

बटण लावून झाल्यावर दोरा दाताने तोडत ती म्हणाली, "एक सांगून टाकते. माझं एकदा ठरलं होतं. हॉल घेतला होता, माणसं जमली होती. तो म्हणाला, गाडी नीट लावून येतो. मी खुर्चीत बसून राहिले. पाच वाजेपर्यंत."

"मग?"

"मग काय! खुर्च्या उचलायला माणसं आली. माझी शेवटची होती."

अशा वेळी काय बोलतात ते मला येत नाही. मी विचारलं, "हॉलचं डिपॉझिट परत मिळालं का?"

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग एकदम हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली! "दहा वर्षांत सगळ्यांनी कीव केली. हे विचारणारे तुम्ही पहिलेच. नाही मिळालं."

"मी मिळवलं असतं!"

"मिळवलंही असतंत तुम्ही," ती म्हणाली. मग हसू थांबवून म्हणाली, "माझी अट एकच आहे. मला कुठे बसवून जाऊ नका. जायचं तर सांगून जा, भांडून जा. पण बसवून जाऊ नका."

"मान्य!" मी म्हणालो. एक टक्काही कमी न करता मी मान्य केलेली ती आयुष्यातली पहिली अट.

लग्नाला आठ दिवस राहिले आणि आम्ही दोघं अंगठी घ्यायला सराफाकडे गेलो. दुकान अरुंद, काचेचा काउंटर, समोर दोन खुर्च्या, काचेच्या पेटीत तराजू. सराफ म्हातारा आणि कमी बोलणारा. त्याने तिचा हात हातात घेतला, बोट बघितलं आणि विचारलं, "कात्री चालवता का?"

"वीस वर्षं," ती म्हणाली.

"पेर जाड झालंय. अंगठी पेरावरून जाईल तर मुळाशी सैल होईल, मुळाशी बसेल तर पेरावरून जाणार नाही. मी आतून एक बारीक पट्टी लावून देतो. कपडे धुताना निसटायची नाही."

त्याने मापाच्या कड्या घालून बघितल्या, एक साधी, रुंद, बिनखड्याची अंगठी काढली आणि तिच्या बोटात सरकवली. तिने हात लांब धरून बघितला, मग जवळ आणून बघितला. "हीच," ती म्हणाली.

सराफाने वजन केलं आणि आकडा सांगितला. आता, सोन्याच्या भावात मी काही करू शकत नाही. तो बाहेर फळ्यावर लिहिलेला असतो. पण घडणावळ कुठल्या फळ्यावर लिहिलेली नसते, ती सराफाच्या तोंडात असते. मी सावरून बसलो.

"घडणावळ फार होतेय."

"पट्टीचं काम आहे साहेब. हाताने करावं लागतं."

"अर्धी करा."

"जमणार नाही."

"ठीक आहे हो," ती माझ्या कानाशी कुजबुजली, "घेऊ या ना."

पण माझ्या हातापायांना सवय! अंगठी तिने काढून काउंटरवर ठेवलेली होती. मी ती बोटाने सराफाकडे सरकवली, "राहू द्या" म्हणालो, उठलो आणि चालू लागलो.

तिला आधी सांगितलं नव्हतं. बरोबरच्या माणसाला माहीत असलं की त्याच्या तोंडावर दिसतं. तिची अट आठवली का, असं विचाराल तर आठवली की! पण मी जात कुठे होतो? मी तर भाव करत होतो!

पाचव्या पावलाला दुकानाचं दार. आठव्याला पायरी उतरलो. दहा. अकरा. बारा.

हाक नाही!

तेरावं पाऊल टाकलं. इथून पुढे काय करायचं हे मला माहीतच नव्हतं. इतक्या लांब मी कधी आलोच नव्हतो! मागे तर बघायचं नाही. म्हणून मी तसाच रस्ता ओलांडला, आणि तेवढ्यात हाक आली, "या साहेब, या!"

हाक समोरच्या सलूनवाल्याची होती.

रस्त्यात नुसतं उभं राहण्यापेक्षा बरं, म्हणून आत शिरलो. खुर्चीत बसतो तर काय! समोरच्या आरशात सराफाचं दुकान स्पष्ट दिसत होतं. काचेच्या दारामागे ती बसलेली. पाठ ताठ, पर्स मांडीवर, शेजारी माझी रिकामी खुर्ची. याहून चांगली जागा मिळाली नसती!

"दाढी?" सलूनवाल्याने विचारलं.

"करा. पण सावकाश."

त्याने चादर गुंडाळली, फेस लावला. आरशात सराफाने तिच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. तिने उचलला नाही. दहा मिनिटं गेली. दोघं काहीतरी बोलले. तिने पर्समधून फोन काढला आणि माझ्या खिशात फोन वाजला.

"उचला की," सलूनवाला म्हणाला.

"तुम्हाला कळायचं नाही. तो सराफ तिला फोन करायला लावतोय. ढिला पडायला लागलाय!"

फोन वाजून थांबला. पुन्हा वाजला.

"अहो, घरचं कुणी असेल. काही अडचण असेल."

"अडचण त्या सराफाची आहे!"

वीस मिनिटं झाली, अर्धा तास झाला. सलूनवाला माझ्या गालांवरून तिसऱ्यांदा वस्तरा फिरवत होता, कारण "सावकाश" मीच सांगितलं होतं. आरशात ती एकदा उठली, दारापर्यंत आली, रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघितलं आणि परत जाऊन बसली. सलूनकडे तिने बघितलं नाही. भाव करायला गेलेला माणूस दाढी करत बसेल, हे कुणाच्या डोक्यात येणार!

तिसऱ्यांदा फोन वाजला. तीन फोन! म्हणजे सराफ पार घायकुतीला आला होता. मला हसू फुटलं. ओठ हलला आणि वस्तरा माझ्या मिशीच्या डाव्या अर्ध्या भागावरून साफ निघून गेला.

आम्ही दोघंही आरशात बघत राहिलो.

"उजवी पण काढू?" सलूनवाल्याने बारीक आवाजात विचारलं.

"थांबा!" मी ओरडलो. आरशात सराफ स्वतः दुकानाबाहेर आला होता. पायरीवर उभा राहून, कपाळावर हात धरून माणूस शोधत होता. म्हातारा मालक उठून पायरीवर! पंचवीस वर्षांत असं यश मला मिळालं नव्हतं. मी चादर भिरकावली आणि अर्ध्या मिशीनिशी, कानाला फेस तसाच ठेवून रस्ता ओलांडला.

"आलात? बरं झालं," सराफ म्हणाला. "घडणावळ देऊ नका. आधी आत येऊन बसा."

"पूर्ण माफ?"

"पूर्ण. बसा तुम्ही."

"मग लगेच हाक का नाही मारलीत?"

"बाई बसलेल्या होत्या ना. मला वाटलं, पैसे आणायला गेलात. माणूस मागे ठेवून सौदा मोडून कोण जातं?"

चूक माझ्या लक्षात आली. आजवर मी नेहमी एकटा जात होतो! पण पद्धत चालली होती, हे महत्त्वाचं. मी तिच्याकडे वळलो. "ऐकलंत? पूर्ण माफ!"

ती उभी राहिली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "कुठे होतात?"

"समोर! सलूनमध्ये. आरशात तुम्ही सगळा वेळ दिसत होतात मला."

"मी फोन केला होता."

"तीनदा! मुद्दामच उचलला नाही." आणि मी तिला माझी सगळी पद्धत समजावून सांगितली. बारा पावलं, मागे न बघणं, आधी हाक मारेल तो हरेल, सगळं. कुणाला सांगत नाही मी हे. पण होणाऱ्या बायकोपासून काय लपवायचं!

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग रुमाल काढला आणि माझ्या कानावरचा फेस हळूच पुसला.

"तो निदान निघून तरी गेला होता," ती म्हणाली. "तुम्ही समोर बसून बघत होतात."

"पण घडणावळ..." मी म्हणालो.

"ताईंना सांगा, त्यांचे कपडे तयार आहेत. कुणाला तरी पाठवून न्या." एवढं बोलून तिने पर्स उचलली आणि दाराकडे चालू लागली.

मी उभा राहिलो. खरं सांगतो, मला वाटलं, ही पण पद्धतच आहे! आत्ताच तर मी शिकवली होती. पाच पावलांवर दार. आठव्याला ती पायरी उतरली.

"साहेब, हाक मारा," सराफ म्हणाला.

"थांबा हो!"

नऊ. दहा. अकरा. बाराव्या पावलाला ती थांबली. आता वळणार! पण ती एक हातगाडी पुढे जाऊ देण्यासाठी थांबली होती. गाडी गेली, तीही गेली. तेरा. चौदा.

"अहो, मारा हाक!" सराफ जवळजवळ ओरडलाच.

पायरीवर येऊन मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी हाक मारली. चांगली जोरात मारली. रस्त्यावरची सगळी माणसं वळली. ती तेवढी त्यांत नव्हती. ती कोपऱ्यावरून गेलेली होती.

मी त्या कोपऱ्याकडेच तोंड करून उभा होतो. मागून कुणीतरी खांद्याला हात लावला. मी गर्रकन वळलो. सलूनवाला होता, हातात माझा विसरलेला वाचायचा चष्मा घेऊन.

"साहेब, दाढीचे पैसे राहिलेत."

माझ्या डोळ्यांत पाणी होतं. मला काही दिसत नव्हतं, काही सुचत नव्हतं. आणि तरीही माझ्या तोंडून काय निघालं असेल? "मिशी अर्धीच झालीय. अर्धेच घ्या."

तो लगेच कबूल झाला. एक पाऊलसुद्धा चालावं लागलं नाही.