शेरा : हयात

मोखाड्याच्या पंचायत समितीत भोयेभाऊंच्या टेबलाच्या खणात चार पोप, एक रोमन सुभेदार आणि एक जर्मन संगीतकार राहत होते. सगळ्यांचं नाव एकच, फेलिक्स. भोयेभाऊंचंही तेच. फेलिक्स जानू भोये, राहणार पोशेरा, वरिष्ठ लिपिक. कपाळाला गंध, खिशात चुन्याची डबी.

जगात हे नाव लावून ज्यांनी काही करून दाखवलं, त्या सगळ्यांची भोयेभाऊंनी जाड रजिस्टरात नोंद ठेवली होती. रकाने कचेरीचेच. अनुक्रमांक, नाव, गाव, हुद्दा, शेरा. गाव रोम, हुद्दा पोप, शेरा मयत. त्या सुभेदारापुढे लाल शाईत लिहिलं होतं, 'कैद्याकडून लाचेची अपेक्षा ठेवली. मयत.'

"चौकशी लागली असती गुरुजी, पण तवा पंचायत समिती नव्हती ना," ते मला म्हणाले. मी त्यांचा शेजारी, प्राथमिक शाळेतला मास्तर. प्रत्येक नवा फेलिक्स आधी माझ्या ओट्यावर हजर व्हायचा.

दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी ते जीपला लटकून जव्हारच्या वाचनालयात जात. तिथले जुन्या कोशांचे खंड त्यांच्याइतके कुणी हाताळले नसतील. संध्याकाळी परत येताना गल्लीच्या तोंडापासूनच ओरडत, "गुरुजी, सापडला एक. संत आहे. नोंद घ्या." मग चहा व्हायचा, आणि त्या संताचं कूळमूळ आमच्या बायकोलाही ऐकावं लागायचं. पोपांना तर ते 'आपले' म्हणत. आपला पहिला, आपला तिसरा. जसे काही पोशेऱ्याच्या वरच्या पाड्यावर राहतात.

नावाची कथा ते सहज सांगत. आई अडली होती. फिरतीवर आलेला मिशनचा डॉक्टर रात्रीच डोंगर चढून पाड्यावर आला. पोर वाचलं. डॉक्टरचं नाव पोराला लावलं, एवढंच. पुढचं ते सांगत नसत, आणि मीही कधी विचारलं नाही. गंमत म्हणजे त्या नावाने त्यांना कुणीच हाक मारत नव्हतं. गावात ते डॉक्टऱ्या, कचेरीत भोये, आमच्याकडे भोयेभाऊ. त्यांची बायको तर 'अहो' म्हणायची.

रजिस्टरात एक्केचाळीस नावं झाली तेव्हा भोयेभाऊ उदास झाले. "सगळे मयत आहेत, गुरुजी. आथां एक जित्ता पाहिजे. शेऱ्यात 'हयात' लिहायचं आहे मला, रिटायर व्हायच्या आधी." निवृत्तीला चार महिने उरले होते. मला तेव्हा हसू आलं, हे कबूल करतो.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मी प्रशिक्षण आटोपून वसईहून येणाऱ्या एसटीने परतत होतो. जव्हारला ड्रायव्हर मागे वळून म्हणाला, "फेलिक्स, चल, घंटी मार." मी सीटवरून अर्धा उठलोच. कंडक्टर तिशीतला, गळ्यात क्रूस. मी नाव पुन्हा विचारलं तर तो म्हणाला, "एवढं काय त्यात? आमच्या वसईत दर आळीला एक फेलिक्स आहे."

मग मी घाबरलो. ज्या नावापायी भोयेभाऊंनी जव्हारचं वाचनालय पालथं घातलं, ते दोन-तीन तालुके ओलांडले की आळीआळीत मिळतं, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं? दोन दिवस मी त्यांना टाळलं. तिसऱ्या दिवशी राहवलं नाही.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दर आळीला?" त्यांचा चेहरा पोराच्या बारशाला असावा तसा झाला. "गुरुजी, म्हणजे तिथे लोक रोज हाक मारत असतील."

गुरुवारी त्या कंडक्टरची ड्युटी होती. एक वाजता भोयेभाऊ रजिस्टर काखेत घेऊन कचेरीतून निघाले. अर्ज न देता ते कधी उठल्याचं कुणाला आठवत नव्हतं. मीही अर्धी रजा टाकून सोबत होतो. स्टँडवर पोचेपर्यंत त्यांनी तीनदा गंध चाचपलं. गाडी आली. कंडक्टर उतरून कंट्रोलरच्या खिडकीकडे गेला. आम्ही त्याच्या मागे निघालो, तेवढ्यात गाडीच्या दारातून म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, "फेलिक्स."

"ओ," भोयेभाऊ म्हणाले.

खिडकीपाशी कंडक्टरही "ओ" म्हणाला, पण भोयेभाऊ आधी म्हणाले होते. ते जागीच उभे राहिले. बाई हातात डबा घेऊन उतरल्या. मुलाची गाडी जाते तरी कुठे, ते बघायला त्या वसईहून बसून आल्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी भोयेभाऊंकडे निरखून पाहिलं. "तू पण फेलिक्स? मग तू पण जेव. तुझी आई कुठं असते?"

"डॉक्टरला नाव विचारलं तिनं," भोयेभाऊ म्हणाले. "म्हणाली, याला हेच लावा. उजाडेपर्यंतसुद्धा राहिली नाही." मला हे सव्वीस वर्षांच्या शेजारात ठाऊक नव्हतं. रजिस्टर त्यांनी बाकावर ठेवलं होतं, ते उघडलंही नव्हतं.

"आई," ते म्हणाले, "आणखी एकदा हाक माराल का?"

बाईंनी डबा कंडक्टरच्या हातात दिला, पदर सारखा केला, आणि अंगणात खेळणाऱ्या पोराला जेवायला बोलवावं तशी हाक मारली.

"ओ, आलो," भोयेभाऊ म्हणाले, आणि दोन पावलं पुढे गेले.