मजेचा दाखला

आमच्या तालुक्यात सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला नोव्हेंबरात मजेचा दाखला काढावा लागतो. नाही काढला तर एक डिसेंबरपासून त्याची मजा बंद होते. त्यासाठी लिपिकासमोर प्रत्यक्ष मजा यावी लागते. तो लिपिक मी. नुसतं हसणं आम्ही धरत नाही. कचेरीत लोक घाबरूनही हसतात.

अनसूयाबाई फडतरे दरवर्षी नवऱ्याबरोबर यायच्या. गणपतराव त्यांची काहीतरी खोडी काढायचे, त्या लटक्या रागाने फणफणायच्या आणि माझा शिक्का पडायचा. दोन मिनिटांचं काम. यंदा आषाढात गणपतराव गेले.

नोव्हेंबरात बाई दोनदा येऊन गेल्या. एकदा सुनेने दिलेला चिवडा खाल्ला, एकदा आवारातल्या झोपाळ्यावर बसल्या. दोन्ही वेळा मला ‘मजा आढळली नाही’ असं लिहावं लागलं. जिवावर आलं, पण लिहिलं. काल तीस तारीख, शेवटची संधी.

“सायेब, बंद करून टाका,” खुर्चीत बसताच त्या म्हणाल्या. “ह्यांच्याबिगर कसली आलीय मजा?”

“मावशी, एकदा बंद झाली की पुन्हा चालू होत नाही. नातवंड मांडीवर येऊन बसलं तरी नाही.”

“न्हाई तर न्हाई.”

मी बंदचा अर्ज काढला. त्यात शेवटच्या मजेचा तपशील लागतो.

“दवाखान्यात,” त्या म्हणाल्या. “ह्यास्नी अळणी जेवण हुतं. मी पदराखालनं लोणच्याची फोड न्हेली. तोंडात टाकली न् नर्सबाई आली. मग ह्यांनी काय करावं? फोड गालात धरली न् झोपेचं सोंग घेतलं! बाई म्हणती, आजोबांचा गाल सुजलाय, डाक्टरास्नी बोलावते...”

सांगता सांगता त्यांनी डोळे मिटले, गाल फुगवला, घोरून दाखवलं आणि पदर तोंडाशी धरून गदगदू लागल्या. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. पाण्याबद्दल नियमात काही नाही.

मी बंदचा अर्ज फाडला. इतकं बरं मला त्या खुर्चीत कधी वाटलं नव्हतं. दाखल्यावर ‘मजा आढळली’ लिहिलं. पुढचा रकाना होता, मजेत सामील व्यक्ती. तिथे ‘एक’ लिहवेना. मी ‘दोन’ लिहिलं आणि नियमाप्रमाणे दुसराही दाखला भरला.

सही करताना मोठ्या साहेबांनी विचारलं, “दुसरे कुठायत?”

“झोपलेत, साहेब. गाल फुगवून.”

साहेबांनी चष्मा वर करून बाईंच्या शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं.

“मग उठवू नका,” ते हळू आवाजात म्हणाले आणि दुसऱ्या दाखल्यावर सही केली.