जिवंत निघालेली बाई

लेसमध्ये कुठंतरी एक दोरा चुकला होता आणि आल्माला तो सापडत नव्हता. बेल्जियममधल्या ब्रूझ शहरातल्या एका जुन्या घराच्या संग्रहालयात ती रोज दुपारी पांढरी टोपी आणि काळा लोकरी झगा घालून बसे. मांडीवर उशी, उशीवर टाचण्यांचं रान, भोवती लोंबणारी लाकडी रिळं. जुन्या काळी बायका लेस कशी विणत, ते लोकांना दाखवायचं. लोक दारातूनच फोटो काढत आणि पुढच्या खोलीत जात. तिथं चरख्यापाशी मेणाची बाई होती, तशीच टोपी, तसाच झगा. तिच्यापाशी जरा जास्त वेळ थांबत. नवरा गेल्यापासून आल्माशी सगळ्यात जास्त कोण बोलत असेल, तर ते सुपरमार्केटमधलं बिलाचं यंत्र.

चूक शोधताना लेसवालीचा दगड होतो. मान खाली, बोटं अधांतरी, पापणीसुद्धा हलत नाही. आल्मा अशी बसलेली असतानाच जाड चष्म्याचा एक म्हातारा काठी टेकत आला आणि समोरच्या बाकावर बसला.

"तुझं बरं आहे, बाई," तो म्हणाला. "मेणाची आहेस. जेवायची कटकट नाही."

मी जिवंत आहे, असं आल्मा म्हणणारच होती. पण इतक्या दिवसांनी कुणीतरी तिच्याकडे तोंड करून बोलत होतं. बोलू दे की जरा!

"आमची बायको गेली, ब्लांश, पण सूप मला अजून दोघांचंच करता येतं. पातेलंच तेवढं आहे ना! रविवारी केलेलं मंगळवारीही तेच. काल तर 'ओडिलोन, अजून थोडं घे,' असं मीच मला म्हणालो."

आल्माला मान वर करून त्याच्याकडे बघावंसं वाटलं. पण मग मेण हललं असतं. तिनं डोळे दोऱ्यांवर रोखून धरले आणि नेमका तेव्हाच तो चुकलेला दोरा दिसला.

"सापडला मेला!" ती ओरडली.

ओडिलोन किंचाळला. बाक उलटला. काठी तांब्याच्या घंगाळावर आदळली, घंगाळ जिन्यावरून गडगडत गेलं आणि खाली तिकीट फाडणारी वीर्ले धावत वर आली. तोवर म्हातारा पसार.

"आल्माबाई, पाहुण्यांना कशाला घाबरवता? अधूनमधून हलत जा की!"

"हलते तेव्हा कुणी बघत नाही गं."

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी आल्माचे कान दाराशी होते. पण काठीचा आवाज तिच्या दारावरून पुढं गेला.

"कालची ती जिवंत निघाली," ओडिलोन पलीकडच्या मेणाच्या बाईला सांगत होता. "आता कुठल्या तोंडानं जाऊ तिच्यापुढं? सूपसुद्धा सांगून बसलो. तूच बरी."

आल्मा रात्रभर कुढली. मेणाची सवत! मग दुपारी तिनं वीर्लेची नजर चुकवून मेणाच्या बाईला कमरेला धरून ओढत आणलं, आपल्या खुर्चीत बसवलं, मांडीवर उशी दिली. स्वतः चरख्यापाशी जाऊन मान खाली घालून बसली. निदान सूपचं पुढं काय झालं ते तरी कळेल.

काठी वाजली. आणि लेसच्या खोलीत शिरली.

"बाई, परवासाठी माफी मागायला आलोय," ओडिलोनचा आवाज आला. "काल हिंमत झाली नाही."

मेणाची बाई गप्प.

"रागावलात? साहजिक आहे. मी तुम्हाला मेणाची म्हणालो. पण खरं सांगू, कुणी इतकं मन लावून ऐकलंच नव्हतं माझं."

गप्प.

"कोपऱ्यावर कॉफी बरी मिळते. याल का?" मग काठी उचलल्याचा आवाज आला. "असू दे. येतो मी."

"थांबा हो!" पलीकडच्या खोलीतून चरखा ओरडला. "दूध घालून सांगा! साखर नको!"